वेशीच्या आतले राज्य

न्योर्डलिंगन या नावाशी माझी गाठ पडली ती लोणारमुळे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी, आणि उरलेल्या वेळात जुने कागद वाचण्याचा नाद. पंधराएक वर्षांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराविषयी वाचत होतो. ते विवर ज्वालामुखीचे नसून उल्कापाताचे आहे हे १९७३ साली सर्वमान्य झाले, आणि तो निष्कर्ष निघाला त्याच्या आधी एक वाट दक्षिण जर्मनीत तयार झालेली होती. त्या वाटेवर हे गाव उभे होते. विवराच्या काठावर नव्हे, तर थेट विवरात वसलेले. पुढे विवर बाजूला राहिले आणि मी त्या गावाच्या पालिकेतच अडकलो. चाळिशीनंतर शब्दकोश हाताशी धरून जर्मन वाचायला शिकलो तो त्याच पायी. जर्मनीत मात्र आजवर पाऊल ठेवलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

न्योर्डलिंगन हे बव्हेरिया राज्याच्या पश्चिम टोकाला, श्वाबिया विभागात, एगर नावाच्या लहानशा नदीवर आहे. लोकवस्ती वीस हजारांच्या थोडी वर. भोवतालच्या सपाट, जवळजवळ गोल प्रदेशाला रीस म्हणतात. हा गोल सुमारे २४ किलोमीटर रुंदीचा. आपले लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचे, म्हणजे तुलना करायची तर परात आणि वाटी. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरभर व्यासाचा अशनी इथे आदळला. खड्ड्यात तळे साचले, ते लाखो वर्षे टिकले, गाळाने भरत गेले आणि मागे उरली ती कसदार, सपाट जमीन. कडेने शंभर-दीडशे मीटर उंचीची टेकड्यांची कड, मध्ये धान्याचा पट्टा. गावाच्या चर्चच्या मनोऱ्यावरून ९९ गावे दिसतात अशी तिकडची म्हण आहे.

हा मनोरा सांक्ट गेओर्ग या चर्चचा. चर्चचे काम १४२७ ते १५०५ असे चालले, मनोरा १४९० साली पुरा झाला. उंची ९० मीटर, गावकरी त्याला लाडाने 'डॅनियल' म्हणतात. तो जवळच्या खाणीतल्या करड्या दगडाचा आहे. त्या दगडाला स्वेवाइट म्हणतात. शेकडो वर्षे सगळे समजत होते की हा ज्वालामुखीचा दगड. १९६० साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर रीसमध्ये आले, ओटिंग गावच्या खाणीतले नमुने त्यांनी पाठवले, आणि त्यात एडवर्ड चाओ यांना कोएसाइट नावाचे खनिज सापडले. ते होण्यासाठी लागणारा दाब पृथ्वीच्या पृष्ठभागावर उल्कापाताखेरीज कशानेच येत नाही. वाद मिटला. त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरेही आहेत. गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ज्याच्या सावलीत बाजार मांडला तो मनोरा आभाळातून आलेल्या तडाख्याचा पुरावा आहे, हे त्यांना १९६१ पर्यंत ठाऊक नव्हते. १९७० साली अपोलो १४ च्या अंतराळवीरांना चंद्रावरचे दगड ओळखण्याचा सराव याच भागात दिला गेला. आज गावातल्या १५०३ सालच्या एका जुन्या कोठारात विवराचे संग्रहालय आहे.

भूगोल इथवर पुरे. मला खिळवून ठेवले ते गावाच्या तटाने. मनोऱ्यावरून पाहिले तर गाव जवळजवळ गोल दिसते, आणि त्या गोलाची कड म्हणजे अखंड तटबंदी. लांबी सुमारे २.७ किलोमीटर. तटाच्या आतल्या बाजूने छपराखालून फिरता येईल असा मार्ग आहे, आणि त्यावरून साऱ्या गावाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. जर्मनीत हे दुर्मीळ आहे. हा तट १३२७ सालचा, सम्राट लुडविग बव्हेरियन याच्या आज्ञेने बांधायला घेतलेला. त्याच्या आत आधीचा लहान तट होता. तो पाडला गेला तरी त्याचा गोल रस्त्यांच्या वळणात अजून ओळखू येतो. नव्या तटाने गावाचे क्षेत्र चौपटीच्या आसपास वाढवले. मधल्या पट्ट्यात एगरचे पाणी धरून कातडी कमावणाऱ्यांची आळी वसली, विणकर आले.

तटाला पाच वेशी. आपल्याकडे दिल्लीकडच्या बाजूला उघडणारी ती दिल्ली दरवाजा, पैठणकडची ती पैठण दरवाजा, तसेच इथले: बाल्डिंगन गावाकडची वेस, ल्योप्सिंगनची, डाइनिंगनची, राइमलिंगनची, पाचवी तेवढी टेकडीच्या नावाची. या नावांकडे मी पुन्हा येणार आहे.

गावाचा पहिला उल्लेख ८९८ सालचा, राजाच्या मालकीचा वाडा म्हणून. मग ते रेगेन्सबुर्गच्या बिशपकडे गेले, आणि १२१५ साली दुसऱ्या फ्रिडरिशने अदलाबदल करून परत घेतले. तेव्हापासून ते साम्राज्य-नगर झाले. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मधे कोणी सरदार नाही, सरंजामदार नाही, बिशप नाही. वर थेट सम्राट, आणि सम्राट दूर. कर गोळा करणे, तट राखणे, वजनमापे ठरवणे, बाजार भरवणे, फौज उभी करणे, परराष्ट्रांशी तह करणे, आणि गुन्हेगाराला फाशी देणे: हे सारे गावच्या कौन्सिलच्या हाती. साम्राज्याच्या सभेत या काही हजार वस्तीच्या गावाला स्वतःचे आसन होते. १५२९ साली श्पायरच्या सभेत ज्या १४ शहरांनी लूथरच्या बाजूने निषेधाचे पत्र दिले, आणि ज्यावरून पुढे 'प्रॉटेस्टंट' हा शब्द आला, त्यांत न्योर्डलिंगनची सही आहे.

त्याचा पैसा आला तो जत्रेतून. पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमाराला भरणाऱ्या या जत्रेचा उल्लेख १२१९ पासून मिळतो. फ्रँकफुर्ट आणि न्युरेम्बर्गच्या व्यापाऱ्यांच्या वाटा इथे जुळत. जत्रा आजही भरते. आता तिथे पाळणे आणि बिअरचे तंबू असतात.

गावचे कौन्सिल सुरुवातीला मोजक्या श्रीमंत व्यापारी घराण्यांचे होते. चौदाव्या शतकाच्या मध्यात कारागिरांच्या संघांनी, म्हणजे विणकर, चांभार, लोहार, खाटीक वगैरेंच्या पंचायतींनी, दंगा करून त्यात जागा मिळवली. दोनशे वर्षे हा कारभार चालला. मग १५५२ साली सम्राट पाचव्या कार्लने संघांची सत्ता काढून घेतली. प्रॉटेस्टंट शहरे वठणीवर आणण्याचा तो भाग होता. जागा पुन्हा काही घराण्यांच्या हाती आल्या, आणि सदस्य मेला किंवा निघाला तर त्याच्या जागी नवा सदस्य उरलेले सदस्यच निवडू लागले. हे मी लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे जे घडले ते या कौन्सिलच्या काळात.

कौन्सिलची इमारत, राटहाउस, अजून तीच आहे, चौदाव्या शतकापासून. आतल्या एका दालनात हान्स शॉयफेलाइन या चित्रकाराने १५१५ साली भिंतीवर युडिथची कथा रंगवली. वेढा पडलेल्या शहराला एका विधवेने वाचवल्याची ही बायबलमधली गोष्ट. बाहेरचा सुंदर दगडी जिना १६१८ चा. त्या जिन्याच्या पोटात एक कोठडी आहे, किरकोळ गुन्हेगारांना डांबायची. तिच्या दारापाशी विदूषकाचे शिल्प, आणि त्याखाली मजकूर की आता आपण दोघे झालो. पाहायला थांबलेला माणूस हा दुसरा विदूषक. पालिकेच्या चावडीवर स्वतःवरच हसणारा असा दगड मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पण त्याच चावडीचे दुसरे दप्तर वाचताना हसू येत नाही. १५८९ साली न्योर्डलिंगनमध्ये चेटकिणींवरचे खटले सुरू झाले, ते १५९८ पर्यंत चालले. ३४ स्त्रिया आणि एक पुरुष यांना मृत्युदंड झाला. असे खटले त्या काळी दक्षिण जर्मनीत अनेक ठिकाणी झाले. कुठे बिशपच्या हुकमाने, कुठे सरदाराच्या. इथे मात्र आरोप लावणारे, तपासणारे, छळ करणारे, निकाल देणारे आणि चिता रचणारे एकच होते: गावचे स्वतःचे कौन्सिल. बुर्गोमास्टर योहानेस फेरिंगर, आणि त्याच्याबरोबर कौन्सिलचे दोन कायदेपंडित, सेबास्टियान र्योटिंगर आणि कोन्राड ग्राफ. गरीब म्हाताऱ्यांपासून सुरुवात झाली आणि लौकरच प्रतिष्ठित घरांपर्यंत पोचली, कारण छळाखाली प्रत्येकीकडून पुढची नावे वदवून घेतली जात. एक कबुली म्हणजे पुढचे पाच खटले.

रेबेका लेम्प ही गावच्या खजिनदाराची बायको. नवरा पेटर लेम्प बाहेरगावी असताना १५९० मध्ये तिला धरले. तुरुंगातून तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रे आज गावच्या दप्तरात आहेत. ती निर्दोष असल्याचे सांगते, छळ सहन होत नाही म्हणते, आणि शेवटी मरण यावे असे काही पाठवून दे म्हणून विनवते. पत्र हाती लागले ते कौन्सिलच्या, आणि पुराव्याच्या गठ्ठ्यात बांधले गेले. नवऱ्याने कौन्सिलकडे तिच्यासाठी लेखी विनंती केली. ज्या कौन्सिलचे पैसे तो सांभाळत होता त्याच कौन्सिलकडे. सप्टेंबर १५९० मध्ये तिला जाळले. मी लेखा विभागातला माणूस. माझ्या मनात हा खजिनदार फार दिवस राहिला आहे. तो दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला असेल का, असे वाटते. याचे उत्तर दप्तरात नाही, आणि मी कल्पनेने भरणार नाही.

विरोध झाला नाही असे नाही. गावचा मुख्य पाद्री विल्हेल्म लुट्झ याने प्रवचनातून या खटल्यांवर टीका केली. कौन्सिलने त्याला समज दिली. साम्राज्याचा फौजदारी कायदा, १५३२ चा 'कारोलिना', हाही होता. पुरेसा संशय असल्याखेरीज छळ करू नये, असे त्यात लिहिलेले होते. पण संशय पुरेसा आहे की नाही हे ठरवणारे कौन्सिलच. साम्राज्याचे वरिष्ठ न्यायालय श्पायरला, आणि आरोपी इथे अंधारकोठडीत.

मग १५९३ च्या शेवटी मारिया होल हिला धरले. ही 'सोन्याचा मुकुट' नावाच्या खाणावळीची मालकीण. तिचा पन्नासहून अधिक वेळा छळ झाला. अंगठे चिरडणारी यंत्रे, पाय चिरडणारी यंत्रे, दोराने टांगणे. तिने कबुली दिली नाही. कोणाचेही नाव घेतले नाही, आणि त्यामुळे साखळी तिच्यापाशी थांबली. पण नुसत्या सहनशक्तीने ती सुटली असती असे मला वाटत नाही. ती मूळची उल्म शहराच्या मुलखातली. नातेवाइकांनी उल्मच्या कौन्सिलकडे धाव घेतली, उल्म हे न्योर्डलिंगनपेक्षा मोठे आणि वजनदार साम्राज्य-नगर, आणि त्याने आपले लोक पाठवून विचारणा केली. ऑक्टोबर १५९४ मध्ये मारिया होल सुटली. सुटली म्हणजे काय, तर सूड घेणार नाही असा जबाब लिहून घेऊन तिला घरात डांबले. तिला निर्दोष ठरवलेच नाही. त्यानंतर खटले मंदावले आणि चार वर्षांत बंद पडले.

साम्राज्य-नगरांविषयी लिहिताना आपल्याकडे एक कौतुकाचा सूर लागतो. मध्ययुगातले प्रजासत्ताक, नागरिकांचे स्वराज्य वगैरे. मीही पहिली पाच वर्षे त्याच सुरात टिपणे काढली. त्यात खोटे काही नाही. तट, मनोरा, बाजार, धान्याची कोठारे हे त्या स्वराज्यानेच उभारले. पण ज्या कौन्सिलच्या वर कोणी नव्हते म्हणून हे झाले, त्याच कौन्सिलच्या वर कोणी नव्हते म्हणून ३५ माणसे मेली. त्यांना थांबवले ते गावाच्या आतल्या कोणी नव्हे, तर बाहेरच्या एका शहराच्या पत्राने. आत-बाहेरचा हाच हिशोब ज्यू लोकांच्या वाट्यालाही आला. १५०७ साली त्यांना गावाबाहेर काढले. मग ते वेशीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, क्लाइनएर्डलिंगनसारख्या दुसऱ्याच्या मुलखातल्या खेड्यात राहत आणि बाजारापुरते आत येत. १८६० नंतर बव्हेरियाच्या राज्याने बंधने उठवली तेव्हा ते परत वस्तीला आले. १९४२ साली त्यांच्यातल्या उरलेल्यांना नाझींनी छावण्यांत पाठवले.

गावाच्या स्वातंत्र्याचा कणा मोडला तो १६३४ मध्ये. तीस वर्षांच्या युद्धात न्योर्डलिंगन स्वीडनच्या बाजूला होते. ऑगस्टमध्ये शाही फौजेने वेढा घातला. स्पेनची फौज येऊन मिळाली. दोन्हींचे सेनापती फर्डिनांड नावाचेच, आते-मामेभाऊ. वेढा उठवायला आलेल्या स्वीडिश फौजेचा ६ सप्टेंबरला गावाजवळच्या आल्बुख टेकडीवर चुराडा झाला, सेनापती गुस्टाफ होर्न कैद झाला. गावाने दरवाजे उघडले. या एका लढाईने फ्रान्सला पुढच्या वर्षी उघडपणे युद्धात उतरावे लागले. गावात मात्र उपासमार आणि प्लेग. त्याच १६३४ साली मारिया होल वारली, सुटकेनंतर ४० वर्षांनी. ज्यांनी तिला पकडले त्या सगळ्यांच्या मागे राहून.

पुढची पावणेदोनशे वर्षे गाव नावापुरते स्वतंत्र राहिले. व्यापार दुसरीकडे वळला. नवे वाडे बांधायला, जुने पाडायला पैसा नव्हता. आज प्रवासी ज्या जुन्या घरांचे फोटो काढतात ती त्या गरिबीने राखलेली आहेत. १८०२ च्या अखेरीस बव्हेरियाची फौज आत आली, १८०३ मध्ये साम्राज्याने शिक्का मारला, आणि ५८८ वर्षांचे साम्राज्य-नगर बव्हेरियाचे एक तालुक्याचे ठिकाण झाले. शेजारचे बोपफिंगन हे तसेच लहान साम्राज्य-नगर आधी बव्हेरियाला आणि १८१० मध्ये व्युर्टेम्बर्गला दिले गेले. ती राज्यांची सीमा आजही रीसला छेदून जाते. १८१८ मध्ये बव्हेरियाने पालिकांना काही कारभार परत दिला. तटाचे दगड विकायचे असे तेव्हा अनेकांच्या मनात होते. राजा पहिल्या लुडविगच्या आदेशाने ते थांबले. म्हणजे जो तट गावाने स्वतःच्या रक्षणासाठी बांधला तो गावापासून वाचवला बाहेरच्या राजाने. रेल्वे १८४९ मध्ये आली, ती तटाबाहेरून.

नंतर एक तिसरा धक्का बसला, आणि तो जुन्या पिढीच्या लोकांना अजून बोचतो. १ जुलै १९७२ रोजी बव्हेरियाने जिल्ह्यांची पुनर्रचना केली. तोवर न्योर्डलिंगन हे जिल्ह्याच्या बरोबरीचे स्वतंत्र शहर होते. आता ते नव्या जिल्ह्यात गेले, आणि जिल्ह्याचे ठाणे डोनाउव्योर्ट. ते सुद्धा जुने साम्राज्य-नगर, पण १६०७ मध्येच स्वातंत्र्य गमावलेले. नव्या जिल्ह्याला आधी 'न्योर्डलिंगन-डोनाउव्योर्ट' हे नाव होते, वर्षाच्या आत ते बदलून 'डोनाउ-रीस' केले. गाड्यांच्या पाट्यांवरची 'न्यो' ही अक्षरे गेली आणि 'डॉन' आली. २०१३ मध्ये जुनी अक्षरे पुन्हा वापरायला परवानगी मिळाली. आपल्याकडे एमएच नंतरच्या आकड्यावरून गावे ओळखणाऱ्याला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

याच पुनर्रचनेत आसपासची दहा खेडी पालिकेत आली. त्यांत बाल्डिंगन आणि ल्योप्सिंगन आहेत. ज्या गावांकडे जाण्यासाठी वेशी बांधल्या आणि रात्री बंद केल्या, ती गावे आज वेशीच्या आतली ठरली. क्लाइनएर्डलिंगनही आले. डाइनिंगन आणि राइमलिंगन मात्र अजून स्वतंत्र ग्रामपालिका आहेत.

स्वतंत्र शहराचा दर्जा गेला तरी मधली एक पायरी मिळाली. 'मोठे जिल्हांतर्गत शहर' असा त्या पायरीचा शब्दशः अर्थ. जिल्हा कचेरीची काही कामे पालिकेच्या हाती राहिली, त्यांत बांधकाम परवाने महत्त्वाचे. तटाला लागून असलेल्या घराची खिडकी बदलायची तर अर्ज डोनाउव्योर्टला जात नाही. महापौर थेट लोकांनी सहा वर्षांसाठी निवडलेला. तो कौन्सिलचा अध्यक्ष आणि कचेरीचा प्रमुख, दोन्ही. आपल्या नगरपरिषदेत नगराध्यक्ष लोकांचा आणि मुख्याधिकारी शासनाचा असे दोन खांब असतात, तिथे एकच. कुठले चांगले, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. पैसा येतो तो मुख्यतः तीन वाटांनी: जमीन-घरपट्टी, धंद्यावरचा कर ज्याचा दर पालिका ठरवते, आणि रहिवाशांच्या आयकरातला १५ टक्के हिस्सा.

मतदानाची पद्धत मी दोनदा वाचली तेव्हा कळली. वीस हजारांवर वस्ती असलेल्या गावाला ३० सदस्य, आणि मतदाराला मतेही ३०. ती एकाच पक्षाच्या यादीला देता येतात, किंवा निरनिराळ्या याद्यांतली माणसे वेचून वाटता येतात, आणि आवडत्या माणसाला तीनपर्यंत देता येतात. त्यामुळे मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी होते आणि टेबलावर उलगडून ठेवावी लागते. लोक पक्ष पाहतात, पण शाळामास्तर, अग्निशमन दलातला शेजारी, बेकरीवाला असे बघूनही मते टाकतात. कौन्सिलचे सदस्य पगारी नसतात, बैठकीचा भत्ता तेवढा. १९९५ पासून कौन्सिलचा ठराव पसंत नसेल तर एवढ्या आकाराच्या गावात ८ टक्के मतदारांच्या सह्या गोळा करून त्यावर थेट जनमत मागता येते. आणि त्याहून वर न्यायालय आहे, जिथे कौन्सिलविरुद्ध कोणालाही जाता येते. १५९० साली पेटर लेम्पला कौन्सिलशिवाय दुसरे दार नव्हते.

वाइनमार्क्ट या चौकात १९६६ साली एक कारंजे बांधले गेले. ते मारिया होलच्या नावाचे आहे. डॅनियल मनोऱ्यात आजही पहारेकरी असतो. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने तो वरून गावावर हाळी देतो: सो ग्सेल, सो. एका रात्री वेस उघडी राहिली होती आणि एका डुकरिणीने दाराला अंग घासल्यामुळे ते लक्षात आले, तेव्हापासूनची ही हाळी, अशी कथा सांगतात. पूर्वी त्या हाळीला खालून वेशीवरचे पहारेकरी उत्तर देत. आता वेशी रात्रीही उघड्याच असतात.